आकडा गिऱ्हाइकाचा

थिएटरच्या दारावर एकतीस वर्षं उभी असलेली मावशी साऱ्या शहराला ठाऊक होती, पण तिचं तोंड फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. सिनेमाला आलेला माणूस दाराशी तिकीट पुढे करतो आणि नजर आधीच आत, अंधारात पाठवून देतो. लोकांना ठाऊक होते ते तिचे हात. आखूड बोटं, आणि डाव्या अंगठ्याचं नख दर रविवारी सकाळी चौकोनी कापलेलं.

ते नख उगाच नव्हतं. तिकीट म्हणजे बोटभर लांबीचा पातळ रंगीत कागद, मधोमध फाडण्यासाठी ठिपक्यांची रेघ. अर्धा भाग डोअरकीपरने ठेवायचा, अर्धा गिऱ्हाइकाला द्यायचा. गिऱ्हाइकाच्या या अर्ध्या भागाला अर्धुक म्हणत. आता खुर्चीचा आकडा गिऱ्हाइकाच्या भागावर स्पष्ट हवा ना? पण छापखान्यातून तो रेघेला खेटून येई, कधी कधी थेट रेघेवरच बसलेला असे. मालक छापखाना बदलत नव्हता, कारण छापखाना त्याच्या मेव्हण्याचा होता. रेघेवर भरवसा ठेवून फाडलं की २३ मधला दोन डोअरकीपरच्या मुठीत आणि तीन गिऱ्हाइकाच्या हातात. मग तीन नंबरच्या खुर्चीवर दोघांची भांडणं आणि तेवीस नंबर रिकामी.

मावशी एकोणिसाव्या वर्षी त्या थिएटरात झाडू मारायला लागली. दारावर तेव्हा एक म्हातारे गृहस्थ असत, त्यांना सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी हिला बोलावलं, टोपलीभर रद्द तिकिटं पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "पोरी, रेघ आपली, आकडा गिऱ्हाइकाचा. माणूस अंधारात शिरतो तेव्हा त्याच्याजवळ तेवढा एक आकडाच असतो. तोही फाडलास तर त्याने जावं कुठे?" चार महिने ती रोज दुपारी रद्द तिकिटं फाडत बसली. अंगठा जिभेला लावायचा, नख रेघेच्या अलीकडे गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर रोवायचं आणि मनगट मोडायचं. बाविसाव्या वर्षी ती दारावर उभी राहिली.

एकतीस वर्षांत तिच्या हातून एकही आकडा फाटला नाही. एकदा तिकीटखिडकीवरच्या बुकिंगवाल्याने एका चहावर पैज लावली, आठवडाभर खेळ सुटल्यावर खुर्च्यांखालची अर्धुकं गोळा केली, आणि भिंग घेऊन बसला. शेवटी चहा त्यालाच पाजावा लागला. "मावशे, तू बाई नव्हेस, कातर आहेस," तो म्हणाला. तिच्या आयुष्यात तिचं कौतुक असं तेवढंच झालं, आणि तेवढं तिला पुरलं.

लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. थोरली बहीण गेली, मेव्हण्याने वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला, आणि बहिणीची सहा वर्षांची मुलगी एक पत्र्याची पेटी घेऊन मावशीच्या दाराशी आली. मावशीची खोली थिएटरच्या मागच्या अंगाला, लोखंडी जिन्यावर होती. खोलीची एक भिंत म्हणजे पडद्यामागची भिंत. दिवसाचे तीन खेळ त्या भिंतीतून ऐकू येत. भाचीने पाढे पाठ केले ते भांडणं, रडणी आणि पळापळीच्या आवाजात. तिने सिनेमे आधी कानांनी पाहिले.

मावशी गोड स्वभावाची होती असं कुणी म्हणणार नाही. तिने भाचीला जेवू घातलं, शाळेत घातलं, तापात रात्री जागवल्या, आणि चिमटेही काढले. ते तिकीट फाडणाऱ्या नखाचे असत, त्यामुळे वळ दोन दिवस राहत. भाची चौदा वर्षांची असताना शाळेच्या नाटकात तिला काम मिळालं. ती आरशासमोर तोंड वेडंवाकडं करत वाक्यं म्हणत होती. मावशी बटण शिवत होती, बुकिंगवाला दारात चहाचा कप घेऊन उभा होता. मावशी मान वर न करता म्हणाली, "तुझ्या तोंडाकडे बघून कोण तिकीट काढणार? त्या आरशाची तरी दया येऊ दे."

बुकिंगवाल्याला हसताना ठसका लागला. भाचीने आरसा खुंटीवरून उतरवला आणि तोंड भिंतीकडे करून परत टांगला. चार वर्षं तो तसाच राहिला. मावशीने तो सरळ केला नाही, भाचीनेही नाही. अठराव्या वर्षी भाची मोठ्या शहरात निघून गेली तेव्हाही तो भिंतीकडेच बघत होता, आणि पुढेही.

अकरा वर्षांनी भाची आली ती स्वतःचा सिनेमा घेऊन.

त्या प्रांतात दरवर्षी सिनेमांची बक्षिसं वाटली जात. बाकीची बक्षिसं शहाणी माणसं बंद खोलीत बसून ठरवत, पण एक बक्षीस लोकांच्या हातात होतं. त्याचं नाव प्रेक्षकपसंती. आठ सिनेमे, प्रत्येकाला एकेक आठवडा, तीन ठरलेल्या थिएटरांत. खेळ सुटताना दाराशी लाकडी पेटी ठेवलेली असे. सिनेमा आवडला तर आपलं अर्धुक पेटीत टाकायचं, नाही आवडला तर खिशात घालून घरी जायचं. शंभर प्रेक्षकांमागे ज्याची अर्धुकं जास्त तो जिंकला. जिंकलेला सिनेमा वर्षभर प्रांतातल्या प्रत्येक थिएटरात लागे. हरलेल्यांची रिळं बहुधा डब्यातच राहत. पेटीत कुणी रद्दी टाकू नये म्हणून सातवा नियम केलेला होता: ज्यावर खुर्चीचा पूर्ण आकडा नाही, ते अर्धुक बाद. ही नियमावली मावशीच्याच दाराशेजारी चिकटवलेली होती.

भाचीचा सिनेमा आठवा, म्हणजे शेवटचा. पोस्टरवर एका बाईची फक्त तिरकी पाठ दिसत होती.

"मावशी, पहिल्या खेळाला तू आत बसायचं," भाची म्हणाली. ती आता उंच टाचांच्या बुटांत होती आणि हळू बोलत होती.

"मी दारावर असते. दाराचं काय?"

"मालकांशी बोललेय. एक खेळ ते माणूस देणार आहेत."

"तो आकडे फाडील."

"फाडू दे गं एक दिवस," भाची हसली.

मावशी आत बसली. शेजारी बुकिंगवाला. एकतीस वर्षांत तिने एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिला नव्हता. दार लावून ती आत येई तोवर नायक-नायिकेची ओळख होऊन गेलेली असे. त्यामुळे ती सावरून, हात मांडीवर ठेवून बसली.

पडद्यावर एक थिएटर दिसलं. त्याच्या दारावर एक डोअरकीपरबाई. ठेंगणी, चपला घासत चालणारी, प्रत्येक तिकिटाला जीभ हातभर बाहेर काढणारी. "आत सरका, अंधार चावत नाही!" ती प्रत्येकावर खेकसली आणि लोक हसले. मावशी सगळ्यांत जास्त हसली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. बुकिंगवाल्याच्या दंडाला धरून म्हणाली, "काय ध्यान आहे बाई! कुठून शोधून आणलं?"

बुकिंगवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग परत तिच्याकडे पाहून तो असा काही हसत सुटला की पुढच्या रांगेतले लोक वळून बघू लागले.

"मावशे, अगं मावशे," त्याला बोलता येईना, "चपला बघ! चपला!"

मावशीने आपल्या पायांकडे पाहिलं.

पुढे पडद्यावरच्या बाईने एका मुलीला नखाने चिमटा काढला. पुढे ती त्याच मुलीला म्हणाली, "तुझ्या तोंडाकडे बघून कोण तिकीट काढणार?" आणि मग तो प्रसंग आला ज्यावर सगळा सिनेमा उभा होता. बाईने एक तिकीट फाडलं आणि आकड्याचे दोन तुकडे झाले. दुसरं फाडलं, तेच. नवऱ्याच्या खुर्चीवर परका माणूस, म्हाताऱ्याच्या मांडीवर मास्तरीणबाई, रुसून आलेली दोन कुटुंबं एकमेकांच्या खुर्च्यांवर. त्या घोटाळ्यातून दोन प्रेमं जमली, एक मोडलं, एक खटला मिटला. ज्या ज्या वेळी बाई जीभ काढून अंगठा ओला करी, त्या त्या वेळी लोक आधीच ओरडत, "फाटला!" आणि आकडा फाटे.

मावशी हसायची थांबली होती, हे बुकिंगवाल्यालाही कळलं नाही.

खेळ सुटला. भाची पेटीशेजारी उभी राहून पडणारी अर्धुकं बघत होती. गर्दी ओसरेपर्यंत मावशी थांबली.

"मी आकडा कधी फाडला?"

भाचीला आधी कळलंच नाही. ती दुसऱ्या कशाची तरी तयारी करून उभी होती. "काय?"

"चपला माझ्या. जीभ माझी. चिमटाही माझाच, तुझ्या दंडाला विचार. ते सगळं तू उचललंस, उचल. आकडा माझा नाही."

"एवढ्या सगळ्यातून तुला आकडा दिसला?"

"काढून टाक तो."

"अगं, तो काढला तर सिनेमात उरतं काय? नीट फाडलेल्या तिकिटाला कोण हसणार, मावशी? बाई तिकीट फाडते, माणूस आपल्या खुर्चीवर जाऊन बसतो. संपला सिनेमा."

"तसंच झालंय एकतीस वर्षं."

"म्हणून तर तुझ्यावर कुणी सिनेमा काढला नाही." भाचीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ होता. "तू म्हणाली होतीस ना, माझ्या तोंडाकडे बघून कोण तिकीट काढणार. बरोबर होतं तुझं. म्हणून मी तुझं तोंड घेतलं. बघ, काढताहेत लोक."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारीला घाई नव्हती.

आठवडाभर लोकांची रीघ लागली. मालकाने पोस्टर आणून मावशीच्या डोक्यावर लावलं आणि दारावरचा दिवा बदलून मोठा लावला. "मावशी, जरा तिरक्या उभ्या राहा, पोस्टरमधल्यासारख्या," तो म्हणाला. लोक आता तिच्या तोंडाकडे बघू लागले. जीभ काढायला सांगत. "अंधार चावत नाही म्हणा ना!" तिने म्हटलं नाही तर स्वतः म्हणत आणि खिदळत आत जात. तेही तिने सोसलं असतं. पण प्रत्येक जण अर्धुक हातात पडताच आधी उजेडात धरून बघू लागला. "अय्या, आमचा नाही फाटला!" "थांब, माझा बघू दे." एकतीस वर्षं ज्यांनी तिच्या हातातून अर्धुक डोळे मिटून घेतलं होतं, ते आता सापाचं पिल्लू धरावं तसं ते चिमटीत धरून तपासत.

दाराजवळच्या फळ्यावर रोज सकाळी बक्षीससमितीचा कारकून आदल्या दिवसाचा कौल लिहून जाई. शनिवारपर्यंत सातांपैकी सहा सिनेमे मागे पडले होते. उरला होता तो एका होडीवाल्याच्या कुटुंबाचा रडका सिनेमा. तो आणि भाचीचा सिनेमा अगदी खांद्याला खांदा लावून होते. सगळं रविवारच्या तीन खेळांवर येऊन ठेपलं.

रविवारी सकाळी मावशीने नख चौकोनी कापलं आणि दाराशेजारची नियमावली वाचली. सातवा नियम तिने दोनदा वाचला.

पहिल्या खेळाला तिने एकही आकडा फाडला नाही. दुसऱ्या खेळाला ठरवून उभी राहिली, नख दाण्यापलीकडे सरकवलं, पण ऐन वेळी मनगट आपलं आपण अलीकडे आलं. सहाशे वीस तिकिटं तिने फाडली आणि सहाशे वीस आकडे धडधाकट आत गेले. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की त्याच्यावर सिनेमा निघालाय.

तिसऱ्या खेळाला रांगेत मास्तर होते. निवृत्त शाळामास्तर, वीस वर्षं दर रविवारी त्याच रांगेतली सातवी खुर्ची घेणारे. मावशीला ओळखणारे, "काय, बरं आहे ना?" असं विचारणारे शहरात जे दोन-चार लोक होते त्यांतले एक. आज त्यांच्याबरोबर पाहुणे होते. मास्तरांनी तिकीट पुढे केलं आणि पाहुण्यांकडे वळून, डोळा मिचकावत म्हणाले, "जरा सांभाळून हं. या बाई आकडा फाडतात."

वीस वर्षं. दर रविवारी. म्हणजे हजारावर वेळा तिने त्यांचा सात आकडा अख्खा त्यांच्या तळव्यावर ठेवला होता.

मावशीने अंगठा जिभेला लावला. नख सातच्या बरोबर पोटात रोवलं आणि मनगट मोडलं.

एकदा बांध फुटल्यावर हात थांबला नाही. मास्तरांच्या मागे जेवढे होते त्या सगळ्यांचे आकडे तिने फाडले. आत गोंधळ उडाला, लोक एकमेकांच्या मांड्यांवर बसले, आणि मावशीला वाटलं होतं तसं कुणी चिडलं नाही. उलट टाळ्या पडल्या. "आमचा खराच फाटला!" ज्यांचे शाबूत राहिले ते हिरमुसले. मालकाला वाटलं भाचीने युक्ती केली, भाचीला वाटलं मालकाने. खेळ सुटल्यावर फाटक्या आकड्यांची अर्धुकं लोकांनी ओठांना लावून पेटीत टाकली.

सोमवारी दहा वाजता मालकाच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलामागे समितीच्या अध्यक्षीणबाई, शेजारी कारकून, खिडकीशी भाची, दाराशी मालक. कारकुनासमोर दोऱ्याने बांधलेला गठ्ठा होता.

"दोनशे बारा," कारकून म्हणाला. "ही धरली तर यांचा सिनेमा पहिला. सोडली तर होडीवाला. नियम सात सरळ आहे, बाई. बाद."

भाचीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मावशीने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. त्या मवाळ, हसऱ्या बाई होत्या. "मावशी, ही तुम्हीच फाडलीत?"

"हो."

"हे बघा, घाबरू नका. आम्हाला फक्त एवढंच लिहायचंय. तुमच्या हातून चुकून फाटली असतील तर चूक थिएटरची, मतं बाद होतील. पण कुणी मुद्दाम फाडली असतील तर तो प्रेक्षकांवर अन्याय. मग मतं धरावी लागतात. चुकून फाटली का?"

मावशीला समोर दोन वाटा स्पष्ट दिसल्या. 'चुकून' एवढा एक शब्द म्हटला की भाचीचा सिनेमा डब्यात जाणार होता, कायमचा. ज्यासाठी तिने हे केलं ते तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. फक्त तो शब्द म्हटला की एकतीस वर्षं खोटी पडणार होती, आणि पडद्यावरची बाई खरी.

"मुद्दाम," ती म्हणाली. "माझ्या हातून चुकून आकडा फाटत नाही."

अध्यक्षीणबाईंचे डोळे भरून आले.

"पाहिलंत?" त्या मालकाला म्हणाल्या. "भाचीचं नुकसान होऊ नये म्हणून स्वतःवर आळ घेताहेत."

"मी खरं सांगतेय."

"हो, हो."

"मला हरवायचं होतं तिला!"

"मावशी, किती कराल हो तिच्यासाठी," मालक गहिवरून म्हणाला.

मावशीने भाचीकडे पाहिलं. या खोलीत एकीलाच खरं ठाऊक होतं. थिएटरच्या दाराशी पायरीवर बसून तिने मावशीला हजारो तिकिटं फाडताना पाहिलं होतं. पैजेच्या आठवड्यात बुकिंगवाल्याला अर्धुकं वेचून देणारी तीच होती. भाचीही तिच्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावर रंग परत येत होता. तिला सगळं कळलं होतं.

"सांग ना यांना," मावशी म्हणाली.

भाची काही बोलली नाही.

"तिकिटं आणा!" मावशी मालकावर ओरडली. "कोरी आणा. दाखवते. डोळे बांधा हवं तर."

तिकीटखिडकीवरून बुकिंगवाल्याने दहा तिकिटं आणून टेबलावर ठेवली. मावशीने पहिलं उचललं. सतरा नंबर. अंगठा जिभेला लावला तेव्हा कारकुनाने हसू दाबण्यासाठी तोंडावर हात धरला, आणि ते तिला दिसलं. संतापाच्या भरात तिने नख रोवलं, मनगट मोडलं.

एक तिच्या मुठीत राहिला आणि सात टेबलावर पडला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. एकतीस वर्षांत तिच्या हातून चुकून फाटलेला तो पहिला आकडा होता, आणि तो बघायला पाच माणसं हजर होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बुकिंगवाल्याने उरलेली नऊ तिकिटं हळूच उचलून खिशात घातली.

"बसा, मावशी, पाणी घ्या," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि कारकुनाकडे वळल्या. "'मुद्दाम' लिहा. त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलंय. मतं धरा."

कारकुनाने लिहिलं. भाची खिडकीपासून धावत आली आणि तिने मावशीला मिठी मारली. "माझ्यासाठी खोटं बोललीस गं!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं रडली. मग गालाला गाल लावून, मावशीच्या कानात, अगदी हळू म्हणाली, "आता फिट्टंफाट."

बक्षीससमारंभ शुक्रवारी संध्याकाळी त्याच थिएटरात झाला, कारण तेच सगळ्यांत मोठं होतं. दारावर मावशीच होती. निमंत्रणपत्रिकांनाही ठिपक्यांची रेघ होती, त्यांवरही खुर्चीचे आकडे होते. तिने सगळे शाबूत ठेवले.

भाची बक्षीस घेऊन बोलायला उभी राहिली. "माझ्या मावशीला तिकीट नीट फाडता येत नाही, हे तुम्ही पाहिलंतच," ती म्हणाली. लोक हसले. "पण माझ्यासाठी ती समितीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी मुद्दाम फाडलं! दाखवते म्हणाली! आणि दाखवायला गेली तर..." भाचीने दोन्ही हातांनी कागद फाडल्यासारखं केलं. थिएटर हसून हसून कोसळलं. मग भाचीने हात छातीवर ठेवला. "असं प्रेम मला मिळालं," ती म्हणाली, "हे बक्षीस तिचंच आहे."

दिवेवाल्याने झोत दाराकडे फिरवला. सहाशे वीस माणसं वळून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मास्तर रुमालाने डोळे पुसत होते. मावशी मुठीत पत्रिकांचे तुकडे घेऊन उजेडात उभी होती. तिला हलता येईना, कारण दारावरून हलायचं नसतं, हे वस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं.

पुढे ठरल्याप्रमाणे सिनेमा वर्षभर चालला. बाहेरगावाहून लोक येत. एके दिवशी दुपारच्या खेळाला दोन कॉलेजातल्या मुली आल्या. त्यांनी पोस्टरकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, एकमेकींना कोपर मारलं आणि तिकीट पुढे केलं. मावशीने फाडलं. मुलीने अर्धुक दिव्याखाली धरलं. चौतीस. तीन आणि चार, दोन्ही शाबूत.

"ही ती नव्हे गं," मुलगी निराश होऊन म्हणाली. "हिने नीट फाडलं."

"मग ती कुठेय?" दुसरीने मावशीलाच विचारलं. "मावशी, त्या सिनेमातल्या बाई कधी असतात हो दारावर?"

मागे रांग खोळंबली होती. मावशीने अंगठा जिभेला लावला आणि पुढच्या तिकिटासाठी हात पसरला.

"संध्याकाळच्या खेळाला," ती म्हणाली. "आत सरका."